आधी शब्द, मग डुक्कर

रबायकाकूंनी डायलिसिस बंद करायचे ठरवले, ही बातमी पाळकबाई कुमू यांना दिली ती रुग्णालयाच्या गाडीच्या चालकाने. सोमवारी सकाळी त्याने चर्चसमोर गाडी उभी केली आणि खिडकीतूनच सांगितले, "उमिनकाकांच्या घरून आज कोणी आलं नाही. म्हातारी म्हणाली, गाडी परत ने, मला आता कुठे जायचं नाही. सही कोणाची घेऊ?"

कुमूने सही केली. गाडी गेल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो अंत्यविधी नेमका कोणत्या दिवशी येईल याचा. आठवडा ईस्टरचा होता. गुरुवारी प्रभुभोजन, शुक्रवारी दुपारी उपासना आणि प्रवचन, रविवारी पहाटे समुद्रावर प्रार्थना. त्यात एक अंत्यविधी बसवायचा. असा विचार केल्याची तिला लाज वाटली, पण थोडीच. इतकी वर्षे एकाच डोंगराच्या पायथ्याशी माणसांना बाप्तिस्मा देऊन आणि पुरून झाल्यावर लाजसुद्धा थकते. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती, आणि हे तिने कोणाला सांगितले नसले तरी ती त्या दिवसाची वाट पाहत होती.

रबायकाकूंचे यजमान उमिनकाका अंगणात पाय लांब करून बसले होते. जानेवारीत गवत कापायच्या यंत्राचे पाते त्यांच्या पायात घुसले होते आणि जखम अजून भरली नव्हती. चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या 'वडिलां'मध्ये ते सर्वांत ज्येष्ठ. चर्चची वीट न् वीट त्यांच्या देखत चढलेली.

"समजवायला आलीस?" त्यांनी विचारले.

"काकूंना भेटायला आले."

"समजव. माझं ऐकत नाही."

आत रबायकाकू खिडकीजवळच्या पलंगावर पडल्या होत्या. पाय सुजलेले, चेहरा मातीच्या रंगाचा, आवाज मात्र तोच. "समजवायला आली असशील तर चहा पी आणि जा."

"चहाच प्यायला आले."

"मग बस." त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "बियांगला आण. एवढंच काम आहे तुझ्याकडे. मला दुसरं काही नको, ते तेलबिलही लावू नकोस."

"शेवटचं तेल कॅथलिक लावतात, काकू."

"तेच सांगतेय."

बियांग त्यांची नात. आई दूर ताओयुआन शहरात दुसरा संसार थाटायला गेल्यापासून ती याच घरात वाढली. गेल्या पानगळीत ती नदीपलीकडच्या तादाव नावाच्या मुलाबरोबर राहायला गेली. लग्न नाही, निरोप नाही. आता तिला पाचवा महिना होता.

त्रुकु या डोंगरातल्या आदिवासी लोकांत अशा वेळी काय करायचे हे कोणाला विचारावे लागत नाही. लग्नाआधी मुलगी पुरुषाकडे राहायला गेली की त्याची झळ तिच्या घरच्यांना लागते. कोणी आजारी पडते, कोणाला लोखंड लागते. मुलाच्या घरच्यांनी मुलीच्या माणसांसाठी डुक्कर मारले, ते वाटले आणि त्यांनी खाल्ले, म्हणजे ती झळ मिटते. पूर्वजांचा हा नियम. जानेवारीत उमिनकाकांचा पाय कापला गेला तेव्हा सगळ्या गावाला कारण ठाऊक होते. फक्त उमिनकाका म्हणत राहिले, "नट सैल होता." आणि नदीपलीकडून डुकराचा निरोप आला की प्रत्येक वेळी ते तो परत पाठवत. ख्रिस्ती घरात प्रायश्चित्ताचे डुक्कर शिरणार नाही. नातीला त्यांनी माफ केले होते. तिने खुशाल यावे.

बियांग येत नव्हती.

"कुमू," काकू म्हणाल्या, "दर वर्षी शुक्रवारी तुझं प्रवचन ऐकते. एक विचारू? देवाला माफच करायचं होतं, तर करून टाकायचं. पोराला मरू द्यायची काय गरज होती?"

कुमूकडे उत्तरे होती. धर्मशिक्षणाच्या कॉलेजात ती एकेका सत्रात शिकवली गेली होती. कोणी म्हणे ती खंडणी होती, सैतानाच्या तावडीतून माणसे सोडवण्यासाठी मोजलेली. कोणी म्हणे माणसाने देवाची अब्रू घालवली, तिची भरपाई माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. कोणी म्हणे आपली शिक्षा त्याने आपल्या अंगावर घेतली. कोणी म्हणे तो मृत्यूच्या घरात शिरला आणि दार आतून फोडून बाहेर आला. आणि एक तरुण प्राध्यापक म्हणत, प्रेम कुठपर्यंत जाते हे दाखवण्यासाठी तो मेला, बाकी सगळा हिशेबनिसांचा कारभार. कुमूने परीक्षेत पाचही उत्तरे लिहिली होती आणि पुढे पाचही आलटून पालटून प्रवचनात वापरली होती.

"शिक्षा कोणीतरी भोगायलाच हवी होती, असं म्हणतात," ती म्हणाली.

"म्हणतात. मी या माणसाला जन्मभर माफ करत आले. कोणी मेलं नाही."

"ऐकू येतंय मला," अंगणातून आवाज आला.

"ऐकू यावं म्हणूनच बोलते."

*

तादावची आई इपाय नदीपलीकडे मोठ्या रस्त्यावर न्याहारीचे दुकान चालवते. कुमू पोहोचली तेव्हा गिऱ्हाईक ओसरले होते. तव्यामागे बियांग अंड्याच्या पोळ्या उलटत होती. तिने कुमूला पाहिले आणि मान खाली घातली.

"या या, पाळकबाई!" इपाय ओरडली. "आज स्वतः? म्हाताऱ्यानं परत नाही म्हणायला तुम्हाला पाठवलं? निरोप्या बदलला, निरोप तोच. बसा. सोयाबीनचं दूध गरम देऊ की गार?"

"गरम. मी निरोप घेऊन नाही आले."

"डुक्कर पोसून पोसून थकले मी. माझ्यापेक्षा जाड झालंय. परवा तादाव म्हणाला, आई, त्याला नाव ठेवू या. म्हटलं खबरदार, नाव ठेवलंस तर मारणार कोण?"

कुमूने काकूंचे सांगितले. इपायचा हात दुधाच्या पातेल्यावर थांबला. बियांगने गॅस बंद केला.

"किती दिवस?" तिने विचारले.

"डायलिसिस थांबल्यावर फार नाही. आठवडा. कमीही."

"मला येता येणार नाही."

"आजोबांनी माफ केलंय, बियांग."

"फोनवर." बियांगने पुसलेला तवा पुन्हा पुसला. "'जेवलीस का' विचारतात ना, तसं. 'माफ केलं, ये घरी.' मी काय केलं तेसुद्धा मला बोलू दिलं नाही. कशाची माफी? मी त्या घरात पाऊल टाकलं आणि आजी गेली, तर?"

"काकू तशाही..." कुमू थांबली.

"तशीही जाणार आहे. माहीत आहे मला. पण माझ्या पावलानं जायला नको." मग ती हळू म्हणाली, "तुमचा विश्वास नसेल यावर. माझाही रोज नसतो. पण आजोबांचा पाय कापला त्या दिवसापासून असतो."

माझा विश्वास नाही, असे कुमू म्हणू शकली नाही. तिच्या स्वतःच्या आईसाठी एकदा डुक्कर मारले गेले होते आणि आई उठून बसली होती. पेनिसिलीनही चालू होते, हे खरे.

*

परत आल्यावर ती उमिनकाकांसमोर बसली. उपदेश करायचा तिच्यात जीव नव्हता, म्हणून तिने सरळ विचारले, "डुकरात एवढं काय आहे?"

"तूच शिकवलंस की." काका रागावले नव्हते. ते शांतपणे, मंडळीच्या सभेत बोलावे तसे बोलले. "वधस्तंभावर रक्त सांडलं. एकदाच, सगळ्यांसाठी. त्यानंतर मी माझ्या नावानं डुक्कर मारू दिलं, तर मी काय म्हटलं? की ते पुरलं नाही. वरून थोडं घाला."

"पण तुम्ही तर रक्ताशिवाय माफ केलंत. मग देवालाच ते का लागलं?"

"त्यानं दिलंय, म्हणून मला मागावं लागत नाही."

उत्तर चोख होते. बहुधा तिनेच कधीतरी प्रवचनात दिलेले.

"दोघंही हुशार आहात," आतून काकूंचा आवाज आला. "पोरगी कुठाय?"

तेव्हा कुमूने तोडगा काढला. तोडगे काढण्यात तिचा हात धरणारे त्या किनाऱ्यावर कोणी नव्हते. चर्चच्या छपरावरून, तरुणांच्या गिटारीवरून, दोन भावांच्या शेताच्या बांधावरून झालेली भांडणे तिने अशीच मिटवली होती. प्रत्येकाला हवे ते द्यायचे आणि दुखणारा शब्द मधून काढून घ्यायचा. इपायने डुक्कर मारावे, पण ईस्टरनिमित्त मंडळीच्या जेवणासाठी. प्रार्थना कुमू करील, उपकारस्तुतीची. दोषाचे नाव कोणी काढायचे नाही. वाटे नेहमीसारखे होतील आणि उमिनकाकांच्या घरी एक वाटा जाईल, जसा प्रत्येक घरी जाईल. इपायच्या लेखी डुक्कर पोहोचले. काकांच्या लेखी ते जेवण.

काकांनी बराच विचार केला. "जेवण असेल तर जेवण," ते म्हणाले. "प्रायश्चित्त नाही."

"नाही."

इपाय फोनवर म्हणाली, "म्हणजे डुक्कर माझं आणि नाव मंडळीचं. बरंय. देवाचं बरं चाललंय तुमच्याकडे." पण ती तयार झाली.

*

बुधवारी सकाळी इपायच्या परसात डुक्कर मारले गेले. कुमूने प्रार्थना केली, थोडक्यात: पाऊसपाण्याबद्दल आभार, श्रमांबद्दल आभार, हे अन्न पवित्र कर. पुरुष डोकी खाली घालून उभे होते आणि प्रार्थना संपल्यावरही क्षणभर तसेच राहिले, आणखी काही यायचे आहे असे. मग तादावने सुरी उचलली. बियांग दुकानाच्या मागच्या दारात उभी राहून पाहत होती.

वाटे करण्यात दुपार झाली. प्रत्येक वाट्यात प्रत्येक अवयवाचा तुकडा पडला पाहिजे, यकृताचा, आतड्याचा, कातडीचा, हाडाचा, नखाएवढा का होईना. कोणाला नुसती चरबी गेली तर ती गोष्ट नातवंडांपर्यंत पोहोचते. कुमूने उमिनकाकांचा वाटा स्वतः नेला. काकांनी तो घेतला, उकळला, मिठाबरोबर खाल्ला आणि म्हणाले, "डुक्कर चांगलं पोसलं होतं." काकूंनी वाटीतले मांसाचे पाणी फक्त ओठांना लावले.

कुमू घरी जाऊन कपडेही न बदलता झोपली. उद्या बियांग येईल, असे ती धरून चालली होती.

गुरुवारी बियांग आली नाही. संध्याकाळी प्रभुभोजनाच्या उपासनेत कुमू भाकर मोडत होती तेव्हा दर वेळी दार वाजले की मान वर करत होती. उपासनेनंतर तिने इपायला फोन लावला.

"नाही येत," इपाय म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "सकाळपासून रडतेय. मी म्हटलं, डुक्कर झालं, म्हाताऱ्यानं खाल्लं, आता जा. तर म्हणते, कोणी काही बोललंच नाही. खरंय, पाळकबाई. कोणी काही बोललं नाही. तुम्ही पावसाचे आभार मानलेत."

कुमू चर्चच्या पायरीवर बसली. तिच्या लहानपणी, डुकरासमोर, सुरी उचलण्याआधी, दोन्हीकडची वडीलधारी माणसे उभी राहत. चूक करणारे सांगत, आम्ही हे केले. दुखावलेले सांगत, आम्हाला हे असे दुखले. कधीकधी त्यात तासन् तास जात, म्हातारे ओरडत, बायका रडत, आणि डुक्कर बिचारे बांधलेले पडून राही. ते सगळे झाल्यावर रक्त. शब्द नसतील तर मारलेले डुक्कर म्हणजे नुसते मटण.

शहरातून आलेल्या पाळकाच्या हातून ही चूक झाली नसती. त्याला डुक्कर सुचलेच नसते. डुक्कर आणायचे हे कळण्याइतकी ती इथली होती, आणि सगळ्या कटकटीतून नेमकी तीच गोष्ट काढून टाकण्याइतकी ती या नोकरीत मुरली होती.

*

शुक्रवारी सकाळी घरी येणाऱ्या नर्सने काकूंची नाडी पाहिली आणि कुमूला बाहेर बोलावून सांगितले, आज संध्याकाळ, फार तर उद्या.

दुपारच्या उपासनेचे प्रवचन लिहिलेले नव्हते. कुमू अंगणात आली. उमिनकाका खुर्चीत बसले होते. कालपासून त्यांनी कपडे बदललेले दिसत नव्हते.

"काका, बियांग येणार नाही. ते डुक्कर चाललं नाही."

"मग आता काय? दुसरं?"

"इपायला विचारलं मी. म्हणाली, इथे काय डुकरांची खाण आहे?"

काका हसले नाहीत. कुमूही हसली नाही. एरवी ती इथे थांबली असती, चहा मागितला असता, दुसरा एखादा तोडगा शोधला असता. पण ती इतकी थकली होती की सभ्यपणाला लागणारे बळही तिच्यात उरले नव्हते.

"मला नाही वाटत तुम्हाला डुकराचा त्रास आहे," ती म्हणाली. "तुम्हाला बोलायचा त्रास आहे. डुकरासमोर दुखावलेल्यानं सांगावं लागतं, काय दुखलं ते. सगळ्यांसमोर. तुम्हाला काही झालंच नाही असं तुम्ही दाखवताय. नट सैल होता. पोरगी गेली, माफ केलं, संपलं. तुम्हाला काही झालंच नाही, तर ती माफी घेऊन येणार कशाची?"

"वधस्तंभ..."

"वधस्तंभामागे लपू नका, काका. मी खूप वर्षं लपलेय, मला ती जागा माहीत आहे."

कोंबड्या अंगणभर फिरत होत्या. आत काकूंचा श्वास खरखरत होता, आणि तो इथपर्यंत ऐकू येत होता. शेवटी काकांनी भिंतीला हात टेकून स्वतःला उठवले.

"गाडी काढ," ते म्हणाले.

"तुम्ही जायचं नसतं. त्यांनी यायचं असतं."

"माहीत आहे मला कोणी कुठे जायचं असतं ते."

*

दुकान भरलेले होते. सुट्टीचा दिवस. उमिनकाका लंगडत आत शिरले तसा इपायच्या हातातला चिमटा खाली पडला.

"हे उलटं आहे, म्हातारबा," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "तुम्ही यायचं नसतं. लोक म्हणतील दोष तुमचाच."

"म्हणू देत."

"आणि डुक्कर खाऊन झालं. आधी शब्द, मग डुक्कर."

"मग आता काय, ओकून टाकू?"

कोपऱ्यातल्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. काका तव्याजवळ गेले. पलीकडे बियांग उभी होती. तिचा एक हात पोटावर होता.

"मी दुखावलो," उमिनकाका म्हणाले. वचन वाचताना त्यांचा आवाज चर्चच्या मागच्या भिंतीपर्यंत जात असे, इथे तो तव्यापर्यंत जेमतेम पोहोचला. "तू गेलीस तेव्हा. मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या आजीलाही नाही. दर बुधवारी प्रार्थनेनंतर बस पकडून मी इथे यायचो. समोरच्या थांब्यावर बसायचो. तू पोळ्या उलटताना दिसायचीस. मग परतीची बस यायची."

"अगं बाई," इपाय म्हणाली. "मी बघितलंय तुम्हाला. मला वाटायचं, आमच्याकडे गिऱ्हाईक किती ते मोजायला बसता."

काकांनी तिच्याकडे पाहिले नाही. "आणि एकदा त्या थांब्यावर बसून मी मागितलं. देवाकडे. की त्या पोराचा ट्रक दरीत जाऊ दे. मी, मंडळीचा वडील. मग घाबरलो. घरी गेलो आणि तुला फोन केला. माफ केलं म्हणालो. ती माफी नव्हती. मी मागितलं ते खरं होऊ नये म्हणून केलेली घाई होती."

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. इपायने हात लांब करून गॅस बंद केला.

बियांग बोलली तेव्हा तिचे वाक्य तुटत होते. "मी सांगून गेले नाही. तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी रताळी भाजायला ठेवली होती. मला वास येत होता. मी मागच्या दारानं गेले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, हेही मला माहीत होतं. तरी गेले."

"रताळी मीच खाल्ली," काका म्हणाले. "सगळी. पोट बिघडलं."

इपायने ॲप्रनला हात पुसले आणि ती मध्ये येऊन उभी राहिली. तादाव ट्रकवर होता, तेव्हा मुलाकडचे शब्द तिलाच बोलायचे होते. ते तिने चटचट बोलून टाकले, जणू कोणी थांबवायच्या आत: आमच्या पोराने विचारले नाही, आम्ही अडवले नाही, घरात काम करायला दोन हात आले म्हणून मीही गप्प बसले, चूक झाली. मग ती गिऱ्हाइकांकडे वळली. "काय बघताय? खा. थंड होतंय."

कुमू दारात उभी होती. तिला कोणी काही विचारले नाही. काही म्हणावे असे तिला वाटलेही नाही.

परतताना बियांग मागच्या सीटवर बसली होती. गाडीने पूल ओलांडला. मग उमिनकाका समोर पाहत म्हणाले, "आधीच बोललो असतो तर डुक्कर लागलं नसतं."

"कदाचित," कुमू म्हणाली.

"मग देवालाही नुसतं बोलून चाललं असतं. संदेष्ट्यांच्या तोंडून तो बोलत होताच की. मग मरावं का लागलं?"

कुमूने गिअर बदलला. पाच उत्तरे होती. "मला माहीत नाही, काका. आज नाही माहीत."

मागून बियांग म्हणाली, "नुसता फोन होता तेव्हा मी आले नव्हते." ती खिडकीबाहेर पाहत होती, आणि कुणाला उद्देशून बोलली ते कळले नाही.

*

काकू जाग्या होत्या. बियांग उंबऱ्यावर अडखळली, एक क्षण तिथेच थांबली, मग आत आली.

"उशीर केलास," काकू म्हणाल्या. त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले, फार सावकाश, कारण आता त्यांचे सगळेच सावकाश होत होते. "पोटावर इतकी घट्ट पँट घालतं का कोणी?"

"दुसरी नाही माझ्याकडे."

"माझी घे. कपाटात. मला आता नको." काकूंनी पलंगावर जागा करायला अंग हलवायचा प्रयत्न केला. जमले नाही. बियांगने चपला काढल्या आणि होती त्या जागेत कडेला आडवी झाली, काकूंच्या सुजलेल्या हाताला धक्का लागणार नाही अशी.

कुमूने घड्याळाकडे पाहिले. उपासनेची वेळ होऊन गेली होती. रस्त्यापलीकडे चर्चमध्ये लोक बसलेले असणार, आणि प्रवचनाचा एक शब्दही तिच्याकडे नव्हता. ती उठायला लागली, पण भिंतीजवळच्या बाकावरून तिला उठवले नाही.

उमिनकाकांनी फळीवरून बायबल काढले. "तू बस," ते म्हणाले. "वचन मी वाचतो."

"प्रवचन?"

"वाचतो म्हटलं ना. तेवढंच वाचतो."

ते लंगडत रस्ता ओलांडून गेले. थोड्या वेळाने चर्चच्या भोंग्यातून खरखर आली, मग त्यांचा आवाज. अटक, चौकशी, फटके, टेकडी. ते सावकाश वाचत होते, अडखळतही होते. इतकी वर्षे हेच वाचणाऱ्या माणसाने अडखळावे, याचे कुमूला नवल वाटले नाही. जिथे तो मरतो तिथे ते आले, आणि थांबले. भोंगा चालूच होता. चर्चमध्ये कोणीतरी खोकल्याचे, बाकाचे लाकूड करकरल्याचे ऐकू आले.

पलंगावर काकूंचा श्वास चालला होता, मध्ये मोठे अंतर ठेवून. बियांग डोळे उघडे ठेवून तो ऐकत पडली होती.

आपण जायला हवे, असे कुमूला वाटले. तिने वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट काढून बाकाखाली ठेवले आणि डोके भिंतीला टेकवले. भोंग्यातून बराच वेळ काहीच आले नाही. मग उमिनकाकांनी पुढची ओळ वाचायला घेतली.